स्मृती व्याख्यानमाला, वर्ष पहिले

नेरूळ
१२ ऑक्टोबर १९८६

ताई,

आधी तुझ्या पायांना हात लावतो, मग बातमी. दाजी आता काठी धरून पडवीपर्यंत येतात हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, श्याम मे महिन्यात येईल तेव्हा बाजारपुलापर्यंत गेलं पाहिजे.

आता माझं. मंत्रालयातून सुटलो आणि इथे पुन्हा फायली हातात घेतल्या. आमच्या वसाहतीत व्याख्यानमाला सुरू होतेय आणि मी तिचा कार्याध्यक्ष आहे. हसू नकोस. इथे सगळंच नवं. झाडं माझ्या गुडघ्याला लागतात, बाजारासाठी वाशी गाठावी लागते, आणि नळाला पाणी आलं की बायका जिन्यातून एकमेकींना हाका मारतात. माणसं मात्र शिकलेली. संध्याकाळी करायचं काय, तर टीव्ही आणि सोसायटीची भांडणं. म्हणून ठरवलं, जानेवारीत तीन दिवस समाजमंदिरात तीन पुष्पं गुंफायची. पहिलं 'नव्या शहराचे नेतृत्व', दुसरं 'पाण्याचे धोरण', तिसरं 'विचार कोणी करायचा?'. पहिल्यासाठी पुण्याच्या प्राध्यापकांचा होकारही आलाय.

घोडं अडलं ते नावावर. व्याख्यानमाला म्हटली की ती कुणाच्या तरी स्मरणार्थ लागते. जुन्या नेरूळ गावातले गोटीराम पाटील आमच्या समितीवर आहेत. ते म्हणाले, "तुमच्या कालनीत अजून कोन मेलाच नाय, मंग नाव कुनाचा देनार?" खरंच आहे. दोन वर्षांपूर्वी इथे आलो ते सगळे जिवंत आलो. मग प्रत्येकजण आपापल्या वडिलांचं नाव पुढे करायला लागला. दोन बैठका त्यातच गेल्या. चिटणीस जयप्रकाश तर रडकुंडीला आला. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हटलं, माझ्या मुलाचं द्या. ठराव एकमताने झाला.

ताई, नंदूला पुराच्या मदतीला जाऊन ऑगस्टात सात वर्षं झाली. कॉलेजची बाकीची पोरं परत आली. तो पलीकडच्या गावाला निघालेल्या होडीत चढला, एवढंच त्यांनी पाहिलं. मी तीनदा जाऊन आलो, तुला ठाऊक आहेच. सात वर्षांनी कायदासुद्धा माणूस गेला असं धरतो. आणि त्या बैठकीपर्यंत इथे कुणाला माहीतच नव्हतं, आमच्या मुलाचं काय झालं ते. शेजारी विचारतात, मुलंबाळं किती? मीना म्हणते, "एक आहे, बाहेर असतो." मी तिथून उठून जातो.

मीनाला अजून बोललो नाही. तू लिही. तुझं ती ऐकते.

तुझा
श्याम


चिपळूण
२० ऑक्टोबर १९८६

श्याम,

खुशाल असा. हे बरे आहेत. चहा गार झाला म्हणून आज माझ्यावर ओरडले, म्हणजे तब्येत सुधारतेय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नेतृत्वावर भाषणं ठेवणार, आणि घरात बायकोशी बोलायला तुला चिपळुणाहून बहीण लागते. वा रे कार्याध्यक्ष. आधी ठराव केलास आणि मग तिची आठवण झाली होय? नवऱ्याची जात तुम्ही, तुमच्याकडून दुसरं काय व्हायचं.

कायद्याचं मला सांगू नकोस. आपल्यात बारा वर्षं वाट बघतात. बारा वर्षांनी दर्भाचा पुतळा करून सगळं रीतसर करतात. हे मी भटजींना कधीच विचारून ठेवलंय, तुम्हा दोघांना बोलले नाही. म्हणजे माझ्याही मनात काय आहे ते तू समज. मे महिन्यात माझ्या खळ्यात उभा राहून नंदू भाषणं ठोकायचा. ऐकायला मी आणि गोठ्यातली म्हैस. "अध्यक्ष महाशय" म्हणून म्हशीला नमस्कार करायचा. मला हसता हसता ठसका लागायचा. आता खळं सारवायला घेतलं की मधेच हात थांबतो.

पण आईला हे सांगायचं ते मी नाही, तू. समोर बस आणि सांग. मग मला कळव, मग मी लिहीन.

तुझी
ताई


नेरूळ
९ नोव्हेंबर १९८६

ताई,

सांगितलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच. मीना पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, व्याख्यानमालेला नंदूचं नाव द्यायचं ठरतंय. लाटणं थांबलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेते. पण तिने विचारलं, "खरंच? पेपरात येईल?" मी म्हटलं, येईल, छोटं का होईना, कार्यक्रमांच्या सदरात येईल. तिने डोळ्यांना पदर लावला. तव्यावरची पोळी करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक आमच्याकडे होती, तर नारळाच्या वड्या केल्या. जयप्रकाशला आग्रह करून वाढत होती. ताई, सात वर्षांनी मी तिला हसताना पाहिलं. आपण उगाच धास्तावलो होतो. तिने मनाशी कधीच स्वीकारलेलं असणार, बोलत नव्हती इतकंच.

आता तू तिला दोन शब्द लिही.

श्याम


चिपळूण
१८ नोव्हेंबर १९८६

मीना,

तुला आणि तुझ्या घराला देव बरं ठेवो. श्यामचं पत्र पोचलं. वाचून मी देवापुढे जाऊन बसले. तू मोठं मन केलंस. मी तुझ्या जागी असते तर मला जमलं नसतं. तू स्वीकारलंस, श्यामलाही सावरलंस. आपल्या नंदूचं नाव चार चांगल्या माणसांच्या तोंडी राहील, याहून आपण आता त्याच्यासाठी काय करणार?

रडू आलं तर रड. माझ्यापाशी लाजू नकोस. यांना सोडून मला निघता येत नाही, नाहीतर आले असते.

तुझी
वन्सं


नेरूळ
२ डिसेंबर १९८६

वन्सं,

नमस्कार करते. तुमचं पत्र वाचलं आणि अर्धं कळलं, अर्धं नाही कळलं. स्वीकारलंस म्हणजे काय हो? मी नाही कधी म्हटलं? यांनी विचारलं असतं तर पहिल्या वर्षीच हो म्हटलं असतं. आणि रडायचं कशाला? सात वर्षं रडून झालंय.

मी तर म्हणते, यांना ही बुद्धी आधी का नाही सुचली. पोलिसांत गेलो, रेडिओवर सांगितलं, फोटो छापला. फोटोचं काय, दाढी वाढवली की माणूस ओळखू येत नाही. पण स्वतःचं नाव कोण विसरतं? आणि त्याला भाषणांचं वेड. जिथे असेल तिथे पेपर आधी कार्यक्रमांच्या पानावर उघडणार. कुठे काय व्याख्यान आहे ते बघितल्याशिवाय त्याला चहा जात नव्हता. चाळीत असताना गिरगाव, दादर, ठाणे, कुठे कुठे जायचा. तिथे स्वतःचंच नाव दिसलं की चमकेल. म्हणेल, अरे, हे तर बाबांचं काम. राग असेल, लाज वाटत असेल, काय असेल ते असो, तीन दिवसांत एक दिवस तरी मागच्या खुर्चीत येऊन बसेल. मी आत्ताच सांगून ठेवलंय, तिन्ही दिवस दाराजवळ बसणार. यांचं कार्याध्यक्षपण स्टेजवर राहू दे.

चाळ सोडताना मी किती भांडले होते तुम्हाला माहीत आहे. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? त्या दिवसापासून पहिल्यांदा जिवाला थोडं बरं वाटतंय.

दिवाळे गावची जाईबाई येते आमच्याकडे म्हावरं घेऊन. तिला सांगून ठेवलंय, चोवीस-पंचवीस जानेवारीला मोठी सुरमई लागेल. ती म्हणते, "पाव्हना हाय का गो?" मी म्हटलं, बघू.

तुमची
मीना


चिपळूण
९ डिसेंबर १९८६

श्याम,

मीनाचं पत्र सोबत पाठवतेय. वाच. उभ्याने वाचू नकोस, बसून वाच.

तू तिला काय सांगितलंस? नाव देतोय म्हणालास. स्मरणार्थ देतोय म्हणालास का? नसशील म्हणालास. तिला वाटतंय ते हाक मारण्यासाठी आहे. तो येईल म्हणून सुरमई सांगून ठेवलीय तिने.

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी तिला सांग. नाव बदल, रद्द कर, काय वाटेल ते कर, पण तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. माझंही चुकलं. तिला काय ठाऊक आहे ते न विचारता मी शहाणपणाने लिहून बसले.

ताई


नेरूळ
२८ डिसेंबर १९८६

ताई,

तुझं पत्र मिळून दोन आठवडे होत आले. उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

तीनदा बसलो तिच्यासमोर. एकदा ती तीळ निवडत होती, यंदा इथल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावणार म्हणाली. दोन वर्षांत तिने कुणाला घरात बोलावलं नव्हतं. गाणं गुणगुणत होती. कसं सांगू? मी असा एक दिवस आणखी, एक दिवस आणखी करत राहिलो. नाव आता बदलता येत नाही, हॅण्डबिलं छापायला गेली. संक्रांत होऊ दे. संक्रांतीनंतर नक्की सांगतो, तुझी शपथ.

श्याम


नेरूळ
११ जानेवारी १९८७

वन्सं,

आज सकाळी दूध आणायला गेले. दूध केंद्रासमोर समितीचा फळा असतो. आगामी कार्यक्रम म्हणून रंगीत खडूंनी लिहून ठेवतात. जयप्रकाशचं अक्षर छान आहे. चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली होती. मी दोन बाटल्या हातात धरून बघत उभी होते. मागून जाईबाई आली म्हावऱ्याची पाटी घेऊन. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "काय लिवलंय गो बाय? वाच की." मी वाचलं. मोठ्याने वाचलं, वन्सं, कारण वाचता वाचता मला कळत होतं आणि तोंड थांबत नव्हतं. कैलासवासी नंदकुमार श्यामसुंदर खातू स्मृती व्याख्यानमाला, वर्ष पहिले. पहिले पुष्प, नव्या शहराचे नेतृत्व.

जाईबाईने विचारलं, "कोन गो ह्यो? कवा गेला?"

बाटल्या तिथेच ठेवून घरी आले.

यांना विचारलं. म्हणाले, "सांगणारच होतो." मग म्हणाले, "ताईला सगळं माहीत आहे, तिला विचार." म्हणजे तुम्हालाही माहीत होतं. तुमच्या पत्राचा अर्थ आज लागला. मला बाई काही कळलंच नव्हतं. चिपळुणाला ठाऊक, समितीला ठाऊक, छापखान्याला ठाऊक. जिने नऊ महिने पोटात वाढवला तिला दुधाच्या लाइनीत कळतं.

परवा मी याच बायकांना हळदीकुंकवाला बोलवून आले. त्यांना सांगितलंय, मुलगा बाहेर असतो. आता त्या मला काय म्हणतील? खोटारडी म्हणतील की वेडी?

मी त्या समाजमंदिरात पाऊल टाकणार नाही. हे घरात आहेत, मीही आहे. जेवायला वाढते. बोलत नाही.

मीना


चिपळूण
१७ जानेवारी १९८७

मीना,

तुझा राग माझ्या डोक्यावर. मला ठाऊक होतं, आणि मी तुला सरळ लिहायला हवं होतं. श्यामला बजावलं आणि हात झटकले. तुझ्यापुढे मला काही बोलायचा हक्क नाही, तरी बोलते, कारण नंदूची आत्या आहे.

जाऊ नकोस. तुला कुणीही न्यायला आलं तरी जाऊ नकोस. तुला बारा वर्षं वाट बघायची तर बघ. चौदा बघ. जन्मभर बघ. कायदा, भटजी, समिती, कुणाचंही त्यात काम नाही. मी तुझ्या बाजूने आहे, आणि तसं श्यामलाही लिहिलंय.

फक्त एक सांगते. श्याम तिसऱ्यांदा शोधायला गेला होता, तेव्हा परतताना आधी माझ्याकडे उतरला होता. विहिरीवर गेला आणि अंगावर पाणी ओतत बसला. किती वेळ ओतत होता. थंडीने ओठ काळे पडले तरी उठेना. यांनी जाऊन हाताला धरून आणला. जेवला नाही. सकाळी म्हणाला, मीनाला सांगू नकोस, तिला वाटतंय तो सापडेल. बायका रडतात ते सगळ्यांना दिसतं. हा समित्या काढतो. त्याने केलं ते चुकीचंच केलं, मी त्याची वकिली करत नाही. पण वैरी नाही तो तुझा.

वन्सं


नेरूळ
२७ जानेवारी १९८७

वन्सं,

मी गेले.

जायचं नव्हतं. शुक्रवारी दुपारपासून मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाच वाजता हे तयार व्हायला लागले. बराच वेळ बाहेरून काही आवाज येईना, म्हणून डोकावले. पलंगावर बसले होते. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. ते बघून मला चीड आली आणि कीवही आली. असा वेंधळा माणूस चारशे लोकांसमोर एकटा उभा राहणार. मी बटणं काढून नीट लावून दिली. लुगडं बदललं आणि मागोमाग निघाले. त्यांनी वळून पाहिलं.

समाजमंदिर भरलं होतं. गोटीराम पाटील गावातल्या माणसांना घेऊन आले होते. स्टेजवर टेबल, टेबलावर फोटो. कॉलेजच्या ओळखपत्राचा मोठा करून घेतलाय. फोटोवाल्याने त्याला कोट आणि टाय रंगवून घातलाय. नंदूने जन्मात कोट घातला नाही, वन्सं. मला हसायला आलं. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

मग जयप्रकाश माइकवर म्हणाला, आता नंदकुमारचे आईवडील प्रतिमेला पुष्पहार अर्पण करतील. मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे माना वळवून बघायला लागले, तेव्हा उठावं लागलं. वर गेले. यांनी हार हातात घेतला. फोटोपर्यंत गेले आणि थांबले. सगळं सभागृह उभं. जयप्रकाशने पुन्हा सांगितलं, वाटलं असेल यांना ऐकू गेलं नाही. यांचे हात खाली येईनात, वर जाईनात. झेंडूच्या पाकळ्या गळून पायावर पडत होत्या. ज्या माणसाने ठराव केला, हॅण्डबिलं छापली, पुण्याहून प्राध्यापक आणले, त्याला ते वीतभर अंतर जाता येईना. माझ्याकडे वळले. तोंड लहान मुलासारखं झालं होतं. अगदी हळू म्हणाले, "मीना, घालू का?"

आता विचारलं त्यांनी. सगळ्या जगाला सांगून झाल्यावर.

मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तो हार तिथेच टाकला असता, मला माहीत आहे. सभा मोडली असती तरी त्यांनी ऐकलं असतं माझं. तेवढ्यासाठीच तर आले होते मी, मनात कुठेतरी. पण तो चेहरा बघितला आणि कळलं, या माणसाने सात वर्षं हे एकट्याने ओढलंय. मी 'तो येईल, तो येईल' म्हणत बसले, म्हणून याला 'गेला' म्हणायची सोयच राहिली नाही. आज मी नाही म्हणाले तर हा पुन्हा एकटाच.

मी म्हटलं, "थांबा. दोघं घालू." एक बाजू मी धरली.

प्राध्यापक काय बोलले ते मला सांगता येणार नाही. दीड तास बोलले. टाळ्या पडल्या. नंतर भेटायला आले आणि मला वाकून नमस्कार केला, चांगला माणूस आहे. शनिवारी-रविवारी मी गेले नाही. हे गेले, कामं होती.

मी दाराजवळ बसले नाही, वन्सं. हे तुम्हाला सांगायचं होतं. स्टेजवरून खाली आले तेव्हा दाराजवळची खुर्ची रिकामी होती, आणि मी पुढच्या रांगेत यांच्या शेजारी जाऊन बसले.

शनिवारी सकाळी आठ वाजता दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरच्या वैजयंतीबाई होत्या. तुमच्याच नावाच्या आहेत. हातात झाकलेलं पातेलं. म्हणाल्या, "पिठलं-भात आणलाय. आज चूल पेटवू नका." कशाला, म्हणेपर्यंत आणखी दोघी आल्या. त्यांना सात वर्षांचं काय घेणं? फळ्यावरचा नंदकुमार आमचाच, हे त्यांना काल कळलं. काल कळलं म्हणजे काल गेला. बाहेर असतो म्हणून मी सांगितलं होतं, हळदीकुंकवाचं बोलावणं देऊन ते केलंही नाही, त्यावर कुणी एक अक्षर काढलं नाही. चटईवर बसल्या. पदर सारखे केले.

मग जाईबाई आली. मी सांगितलेली सुरमई पाटीत होती. दारातल्या चपला बघितल्या आणि आत शिरलीच नाही. कुणीतरी तिला सांगितलं असणार. म्हणाली, "आज तुज्या घरा म्हावरा नाय देनार बाय." पाटी बाहेर ठेवली, उंबऱ्यावर टेकली आणि एकदम गळा काढला. त्यांच्यात रडतात तसा, नाव घेऊन, हेल काढून. "माज्या नंदकुमारा रं" म्हणाली. तिने त्याला कधी बघितलं नाही. माझ्या पोराचं नाव घेऊन कुणीतरी मोठ्याने रडतंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग मला काही आवरलं नाही. हे आतल्या खोलीत होते, त्यांचाही आवाज यायला लागला.

दुपारी आम्ही दोघांनी तो पिठलं-भात खाल्ला. गार झाला होता. यांनी मागून घेतला, मीही घेतला.

तुमच्या भटजींना विचारा, पुतळ्याचं आता करतात की बारा वर्षांपर्यंत थांबायचं. ते म्हणतील तसं करू, चिपळुणालाच करू. पण त्याआधी तुम्ही या. भावोजींजवळ दोन दिवस कुणाला तरी बसवा आणि एसटीने या. सगळ्या परक्या बायका येऊन गेल्या, घरचं कुणी आलेलं नाही.

समाचाराला या, वन्सं. आपला नंदू गेला.

मीना